पगारातून कापायचं की खर्चातून?

गेल्या अंकात या सदरात मी व्यवसाय कराबद्दल (पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ लिहिलेलं असतं तो) लिहिलं होतं. पगारातून कापला जाणारा हा कर वर्षाला २,५०० रुपयांवर अडकून पडला आहे, मोठ्या पगारांसाठी तो वाढवावा आणि त्या पैशातून रोजगार हमीची कामं चालू ठेवावीत, असं माझं म्हणणं होतं. त्यावर सांगली-साताऱ्याकडून बरीच पत्रं आली. बहुतेकांत राग आहे, आणि तो मला समजतो. नोकरीची सगळी वर्षं मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये पगारपत्रकं केली. आता कुपवाडच्या लहान कारखान्यांची कामं घरून करते. पगाराच्या दिवशी माणूस आधी शेवटचा आकडा बघतो आणि मग वर काय काय कापलं ते वाचतो. वजावटीवर बोलायचं तर त्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच बोललं पाहिजे. म्हणून या वेळी नवा विषय न काढता पत्रांनाच उत्तरं देते.

‘ताई, मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर ऑपरेटर आहे. पगार साडेचौदा हजार. फंड १,७४०, ईएसआय १०९, पीटी २००. हातात येतात १२,४५१. खोलीभाडं आणि गाडीचा हप्ता गेला की उरतं काय? फेब्रुवारीत तर पीटी ३०० कापतात. हा पैसा जातो तरी कुठे? आणि तुम्ही म्हणता अजून वाढवा!’
— एक वाचक, कुपवाड

दादा, तुमची पीटी वाढवा असं मी म्हटलेलं नाही. तुमच्याकडून आजच जास्त घेतलं जातं, असं माझं मत आहे. ते का, हे सांगते. पण आधी पैसा कुठे जातो ते.

स्लिपवर तिन्ही वजावटी एकाखाली एक छापलेल्या असतात, तरी त्यांचा स्वभाव वेगवेगळा आहे. फंड, म्हणजे पीएफ, तुमच्या नावावर साठतो आणि व्याजासकट परत मिळतो. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा; त्याच्या बदल्यात घरच्यांना दवाखाना मिळतो आणि आजारपणात बुडालेल्या पगाराची काही भरपाई होते. पीटीचं मात्र तुमच्या नावाने काहीच परत येत नाही. तो निव्वळ कर आहे. त्यामुळे ‘जातो कुठे’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

या कराचं मूळ आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात त्यांनी १९६५ साली एक प्रयोग करून पाहिला: जो काम मागेल त्याला गावाच्या उपयोगाचं काम द्यायचं आणि त्याची मजुरी चुकती करायची. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडे माण-खटाव, या भागातल्या घरांत खडी फोडायला गेलेली, सुकडीवर दिवस काढलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. त्यांच्याशी बोला. पाऊस पडला की काम बंद आणि पुढच्या दुष्काळापर्यंत पुन्हा वाट बघायची, हे थांबावं म्हणून हमी कायमची करायचं ठरलं. लगेच प्रश्न उभा राहिला: पैसे कुणी द्यायचे?

तेव्हा विधिमंडळाने जे उत्तर दिलं ते आजच्या वादात कुणी आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याने, ज्याला उद्या काम मिळेल की नाही हे ठाऊक नाही त्याच्या मजुरीसाठी थोडं द्यायचं. आणखी काही करांवर अधिभार लावले आणि या सगळ्यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. १९७७ साली हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाने मनरेगाचा कायदा केला तो २००५ साली. कर आणि खर्च एकाच वेळी, एकमेकांकडे बोट दाखवून ठरवलेले असे प्रसंग आपल्याकडे फार थोडे आहेत. पगारदाराला सांगितलं गेलं की तुझ्याकडून घेतो ते यासाठी.

आता तुमच्या दोनशेकडे येऊ. पगार दहा हजारांच्या वर गेला की सगळ्या पुरुषांना एकच दर: अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून २,५००. तुमचा वर्षाचा पगार १,७४,०००. म्हणजे शंभर रुपयांमागे तुम्ही एक रुपया चव्वेचाळीस पैसे देता. ज्यांचा पगार महिना दोन लाख आहे त्यांचेही २,५००च कापले जातात, म्हणजे शंभराला दहा पैसे. कर कमी की जास्त यावर भांडण्याआधी हे बघावं, एवढंच मी मागच्या अंकात म्हणत होते.

हे असं झालंय कारण मर्यादा थेट घटनेत आहे. कलम २७६ मध्ये पूर्वी वर्षाला २५० रुपये होते, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ते २,५०० झाले. त्यानंतर आकडा हललेला नाही. चौदाव्या वित्त आयोगाने तो १२,००० करावा असं सुचवलं होतं. मुंबईतल्या सरकारच्या मनात आलं तरी दिल्लीत घटनादुरुस्ती झाल्याशिवाय काही होत नाही.

माझी मागणी अशी आहे: महिलांना आज २५,००० पर्यंतच्या पगारावर पीटी नाही, तीच सवलत पुरुषांनाही द्या. म्हणजे तुमचे दोनशे वाचतील. त्याच्यावर पगाराप्रमाणे पायऱ्या करा. दोन लाखवाल्याने महिन्याला हजार दिले तरी ते त्याच्या पगाराच्या अर्धा टक्काच होतात. आणि जमा झालेला पैसा किती, त्यातून किती माणसांना किती दिवस काम मिळालं, हे दरवर्षी जिल्ह्यावार जाहीर करा. हमीवरचा खर्च रोडावला त्या वर्षांतही हा कर कापला जातच होता. पगारदाराचा विश्वास उडतो तो तिथे.

‘मॅडम, कर वाढवण्याची भाषा कशाला? आधी फुकट वाटप बंद करा. लाडकी बहीणसाठी हजारो कोटी आहेत, आणि आम्ही २००५ नंतर लागलेले शिक्षक जुनी पेन्शन मागतो तेव्हा तिजोरी रिकामी असते. सरकारने खर्च कमी करावा, आमचा खिसा सोडावा.’
— एक शिक्षक, कोरेगाव

सर, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातला संताप खोटा नाही. पण एकाच पत्रात तुम्ही खर्च कमी करायलाही सांगता आणि स्वतःवरचा खर्च वाढवायलाही. दोन्ही मागण्या एकाच तिजोरीच्या दारात उभ्या आहेत.

आधी आकडे. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी रुपये धरले होते. दरमहा दीड हजार म्हणजे वर्षाला एका बाईला १८,०००; दोन कोटी बायका धरल्या की बरोबर हा आकडा येतो. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट दाखवली होती ४५,८९१ कोटी. म्हणजे उद्या योजना सगळीच्या सगळी बंद केली तरी तूट राहतेच. एवढ्या एका कपातीवर सगळं निभावेल असं जे तावातावाने बोललं जातं, त्याला हिशेबाचा आधार नाही. आणि माझ्या मागणीप्रमाणे पीटी वाढवली तरी तेवढ्याने ही तूट भरून येणार नाही, हेही मी इथेच सांगते. पीटीचा पैसा हमीसाठी आहे. सरकारच्या इतर भोकांना तो लावायचा असेल तर माझा त्याला विरोध आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडायला जाणाऱ्या काही बायकांना मी ओळखते. हंगाम संपला की त्यांचं काम संपतं. त्यांचे दीड हजार गॅसला, मुलीच्या एसटीच्या पासाला, औषधाला जातात. त्यांच्याकडून ते काढून घ्या असं मी म्हणू शकत नाही, तुम्हीही त्यांच्यासमोर म्हणणार नाही. पण सरकारी नोकरीतल्या महिलांनीही हा लाभ घेतल्याचं सरकारनेच २०२५ मध्ये सांगितलं. ती नावं पहिल्या दिवसापासून यादीत नकोच होती. अर्ज भरताना तपासणी ढिली ठेवायची आणि निवडणूक झाल्यावर कडक करायची, यात गरजू बाईच जास्त भरडली जाते, कारण केवायसीसाठी हेलपाटे घालायला तिला रोज बुडवावा लागतो. कपात करायचीच तर ज्यांचा हक्क नव्हता तिथून सुरू करा. जाहिराती आणि सोहळे यांवर मी वेगळं लिहायची गरज नाही.

मला धास्ती वेगळ्याच कपातीची आहे. ‘खर्च कमी करा’ असं वरून आलं की खाली काय होतं, हे तुम्ही शाळेत रोज बघता. जागा रिकामी राहते. ती भरायची राहिली तर मोर्चा निघत नाही, म्हणून तिथे हात पहिला जातो. आरोग्य केंद्रात नर्स नाही, पाझर तलावाचा गाळ काढायचा राहिला, बंधाऱ्याचं बिल अडकलं, हमीच्या कामाची मागणी नोंदवूनच घेतली नाही. यातल्या कशालाही कुणी ‘कपात’ म्हणत नाही. १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली आणि आटपाडी-जतकडे कुसळं उगवायची तिथे डाळिंब उभं राहिलं. तो सरकारी खर्चच होता. तो तेव्हा वाचवला असता तर आज त्या तालुक्यांतून किती तरुण आणखी बाहेर गेले असते, याचा विचार करा. आधीच खानापूर-आटपाडीचा माणूस सोन्याचांदीच्या गलाईसाठी (सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी) सगळ्या देशात पांगला आहे.

हमीवर आता जास्त लक्ष द्यायचं आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० वरून १२५ झाले, ही चांगली गोष्ट. पण पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्राकडून यायचा. आता ४० टक्के वाटा राज्याने घालायचा आहे. महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. एवढ्या मजुरीवर येणारा माणूस दुसरं काहीच मिळत नाही म्हणूनच येतो. राज्याकडे वाटा नाही म्हणून त्याला परत पाठवायचं का, हा प्रश्न आता मुंबईत सुटायचा आहे. आणि पन्नास वर्षांपूर्वी याच कारणासाठी लावलेला कर हाताशी आहे.

आता जुनी पेन्शन. मार्च २०२३ चा तुमचा संप मला आठवतो. आमच्या गल्लीतल्या मुलांच्या शाळा आठवडाभर बंद होत्या. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन हवी, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. बाजार पडला म्हणून म्हातारपण पडू नये. पण जुन्या पद्धतीत कर्मचारी पेन्शनसाठी पगारातून काहीच घालत नव्हता, सगळा भार पुढच्या वर्षांच्या अर्थसंकल्पांवर जायचा. एनपीएसमध्ये, म्हणजे तुम्हाला लागू झालेल्या नव्या पेन्शन योजनेत, तुम्ही १० टक्के घालता, सरकार १४ टक्के. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून जी एकत्रित पेन्शन योजना आणली, तिच्यात पगारातून कपातही आहे आणि २५ वर्षं नोकरी झाल्यास निम्म्या पगाराची हमीही. मला हाच रस्ता पटतो. तुम्ही थोडं द्या, आणि सरकारने शब्द द्यावा. काहीच न देता मिळणारी पेन्शन पुढचं कुठलंही सरकार एका रात्रीत कापू शकतं. स्वतःच्या पगारातून घातलेल्या पैशावर तुमचा दावा जास्त पक्का राहतो.

‘तुमच्या लिखाणात कारखानदार कुठेच नसतो. माझ्याकडे २२ कामगार आहेत. पीएफचे माझ्याकडून तेरा टक्के, ईएसआयचे सव्वातीन. दर वाढले की मी माणसं कमी करतो आणि ठेकेदाराकडून घेतो. दुसरा मार्गच नाही.’
— एक लघुउद्योजक, मिरज

साहेब, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते मोकळेपणाने लिहिलंत म्हणून आभार. पगाराच्या टक्केवारीवर बसवलेला प्रत्येक भार माणूस ठेवणं महाग करतो. मशीन घेतली तर त्यावर फंड लागत नाही. फंडासाठी वीस माणसांची अट आहे, म्हणून विसावा माणूस मस्टरवर येत नाही, आणि एकाच शेडमध्ये दोन नावांच्या पाट्या लागतात. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. तुम्ही बावीस जणांना उघडपणे मस्टरवर ठेवलं आहे, याबद्दल मला आदर वाटतो.

पण भार कमी झाला की तो पैसा कामगाराकडे जातो का? १ जुलै २०१९ ला ईएसआयचे दर उतरले: मालकाचे ४.७५ वरून ३.२५, कामगाराचे १.७५ वरून ०.७५. पंधरा हजार पगारावर कामगाराचे दीडशे रुपये वाचले आणि ते त्याच महिन्यात त्याच्या हातात आले. मालकाचे सव्वादोनशे वाचले. मी ज्यांची पगारपत्रकं करते त्या कारखान्यांत त्यामुळे कुणाचा पगार वाढला नाही. मंदीत काही मालकांना त्या बचतीचा आधार झाला, हेही मी पाहिलं. पण दर कमी झाले की रोजगार आणि पगार आपोआप वाढतील, हे मी माझ्या कागदांवर कुठे वाचलं नाही.

मी जी पीटी वाढवायला सांगते ती मोठ्या पगाराच्या माणसाच्या पगारातून जाते. तुमच्या बावीस जणांपैकी कुणाला ती लागेल असं मला वाटत नाही, आणि तुमच्या खात्यावर त्याचा एक रुपया पडत नाही. ठेकेदाराचं मात्र जपून करा. त्याने फंड भरला नाही तर तो भरायची जबाबदारी तुमच्यावर येते. दर महिन्याला त्याच्याकडून फंड भरल्याच्या चलनाची प्रत घेतल्याशिवाय बिल पास करू नका.

‘बाई, सूतगिरणीतून २०१२ ला निवृत्त झालो. ईपीएस-९५ ची पेन्शन सतराशे रुपये. रक्तदाबाच्या गोळ्यांतच संपते. साडेसात हजारांची मागणी आम्ही किती वर्षं करतोय. आम्हाला देताना मात्र पैसे कुठून आणायचे, असं विचारतात.’
— एक निवृत्त कामगार, सांगली

आण्णा, तुमच्यासारख्यांची कागदपत्रं मी स्वतः भरली आहेत, त्यामुळे हा आकडा कसा येतो ते मला पाठ आहे. पेन्शन म्हणजे पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त ६,५०० धरत होते. ईपीएस-९५, म्हणजे फंडाला जोडलेली ही पेन्शन योजना, नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली, म्हणजे साधारण सतरा वर्षं. ६,५०० गुणिले १७ भागिले ७० केलं की १,५७८ येतात, त्यात १९९५ आधीच्या नोकरीची थोडी भर. आणि एकदा ठरलेली ही पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. २०१२ ला जे सतराशे होते ते आजही सतराशेच.

सप्टेंबर २०१४ ला दोन गोष्टी झाल्या. पगाराची मर्यादा १५,००० झाली आणि किमान पेन्शन १,००० झाली. तुम्ही हजाराच्या वर होता, म्हणून तुम्हाला दुसऱ्याचा उपयोग नाही, आणि आधीच निवृत्त झाला होता म्हणून पहिल्याचाही नाही. तुमची पिढी दोन्हींच्या मधे सापडली.

मर्यादा आणखी वाढवावी अशी चर्चा चालते. समजा ती २५,००० झाली. तेवढा पगार असणाऱ्याच्या फंडाची कपात १,८०० वरून ३,००० होईल, हातात महिना बाराशे कमी येतील. पण ३५ वर्षं नोकरी केली तर पेन्शन साडेबारा हजार बसेल. तरुणांसाठी हे मला योग्य वाटतं, आणि वरच्या कुपवाडच्या दादांना मी हेच सांगेन, की फंडाच्या कपातीचा राग पीटीवर किंवा पीटीचा राग फंडावर काढू नका.

पण तुम्हाला या वाढीतून काही मिळत नाही. आजच्या कामगाराची कपात वाढवून त्याच्या पैशातून तुमची पेन्शन वाढवणंही न्याय्य नाही, कारण तो पैसा त्याच्या म्हातारपणाचा आहे. तुमच्यासाठी केंद्राच्या अर्थसंकल्पातूनच पैसा यायला हवा. १,००० रुपयांच्या किमान पेन्शनसाठी केंद्र आजही आपल्याकडून भर घालतं, आणि पगाराच्या १.१६ टक्के वाटाही देतं, म्हणजे ही वाट नवी नाही. गिरणी चालली तेव्हा तुम्ही उत्पादन दिलं, कर भरले. तुम्हाला आज ‘पैसे कुठून आणायचे’ विचारणं मला सहन होत नाही. साडेसात हजार एकदम जमणार नसतील तर महागाईशी जोडून टप्प्याने तरी सुरुवात व्हावी. वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला मात्र चुकवू नका. पोस्टमन घरी येऊनही करून देतो.

‘आमचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला एच-१बी व्हिसावर नोकरीला आहे. त्याच्याही पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे जातात. तिकडे म्हणे तो फंडच संपणार आहे. मग मुलाचे पैसे बुडाले का?’
— एक आई, सातारा

ताई, घाबरू नका. तिकडे नोकरदाराच्या पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि १.४५ टक्के मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) यांसाठी जातात, मालकही तेवढेच घालतो. मुलाचा पगार वर्षाला १,२०,००० डॉलर असेल तर त्याचे ९,१८० डॉलर जातात. २०२५ मध्ये १,७६,१०० डॉलरच्या वरच्या पगारावर ६.२ टक्के लागत नव्हते. म्हणजे आपल्या पीटीसारखी वरच्याला सवलत तिथेही आहे, आणि ती मर्यादा काढावी की पेन्शन कमी करावी यावर तिकडे जोरात भांडण चालू आहे. २०२५ च्या अहवालाप्रमाणे निवृत्तांसाठीचा राखीव निधी २०३३ मध्ये संपेल असा अंदाज आहे. पण पैसे तर दर महिन्याला जमा होतच राहतात, त्यातून तेव्हाही सुमारे ७७ टक्के पेन्शन देता येईल. १९८३ ला अशीच वेळ आली होती. तेव्हा त्यांनी दोन्ही केलं: कपातीची वाढ लवकर लागू केली आणि पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून हळूहळू ६७ वर न्यायचं ठरवलं. दोन्ही पक्षांनी मिळून केलं, म्हणून ते टिकलं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला काळजी वेगळी आहे. तिकडची पेन्शन मिळायला ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं भरावी लागतात. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही. जर्मनीसारख्या काही देशांशी आपला करार आहे, त्यामुळे तिथला काळ इथे धरला जातो. अमेरिकेचा धरला जात नाही. मुलगा सात-आठ वर्षांनी परत येणार असेल तर त्याला हे आत्ताच माहीत असू द्या. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर त्याच्या नावे किती तिमाह्या जमा झाल्या ते त्याला स्वतःला बघता येतं.

‘मी इस्लामपूरला एका शोरूममध्ये बिलिंगला आहे. पगार १८,०००. माझी पीटी दर महिन्याला २०० कापतात. तुम्ही लिहिलंत की महिलांना नाही. मग माझी का?’
— एक वाचक, इस्लामपूर

कापायला नको. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. बहुधा पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना दर राहिला असेल. आधी अकाउंट्सला तोंडी सांगा, मग दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्यात सगळ्या महिन्यांच्या स्लिपच्या प्रती जोडा आणि कापलेली रक्कम परत मागा. मालकाने ती सरकारकडे भरली आहे की नुसती कापून ठेवली आहे, हे चलनावरून कळेल. चलन दाखवा असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. दुकानात आणखी मुली असतील तर त्यांच्याही स्लिपा बघा आणि अर्ज सगळ्यांचा मिळून द्या.